आमदाराचाही अहवाल वाचायला हवा



वार्षिक सभेच्या दिवशी मंडपात आपण कसे वागतो ते जरा आठवून पाहा. अहवालाची पुस्तिका हातात पडली की पहिल्यांदा उताऱ्याचे पान उघडायचे. गेल्या हंगामात उतारा किती होता, यंदा किती पडला, अर्धा पॉइंट कुठे गेला, बगॅस कितीला विकले, मळीला काय दर आला, हे सगळे बोट ठेवून वाचायचे. मग मागच्या रांगेतून एखादे वडीलधारे सभासद उठतात आणि म्हणतात, "चेअरमनसाहेब, बाविसावं पान काढा. तोडणी-वाहतुकीचा खर्च एवढा कसा वाढला, ते सांगा आधी." चेअरमनसाहेबांना सांगावेच लागते. या प्रश्नांचा संचालक मंडळाला कधी कधी त्रास होतो, पण असे विचारणारे सभासद आहेत म्हणूनच सहकार टिकला आहे, असे आम्ही मानतो.

आता दुसरी गोष्ट आठवा. दर पाच वर्षांनी आपण विधानसभेचा उमेदवार निवडतो. तेव्हा आपण काय पाहतो? कोण कुणाच्या लग्नाला आला, कोण मयतीला आला, कुणी देवळापुढे सभामंडप बांधला, कुणी फोन उचलला. या गोष्टी अगदीच फुकट आहेत असे आम्ही म्हणत नाही. माणूस माणसात असला पाहिजे. परंतु आमदार हे पद मुळात कायदा करण्याचे आहे. सभागृहात तो काय बोलला, कोणत्या विधेयकाच्या वेळी हजर होता, उसाच्या बिलाबद्दल त्याने कधी प्रश्न लावला का, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले? अर्ध्या पॉइंट उताऱ्यासाठी भांडणारे आम्ही, पाच वर्षांच्या कारभाराचा अहवाल मागतच नाही. कारखाना आपल्या मालकीचा आहे आणि विधानसभा दुसऱ्या कुणाच्या मालकीची आहे, अशी काहीतरी आपली समजूत झालेली दिसते.

हे वार्तापत्र सर्व सभासदांचे आहे. यात सर्व पक्षांचे लोक आहेत आणि इथून कुणासाठी मते मागायची नाहीत, हा दंडक आम्ही पाळतो. म्हणून आज हयात असलेल्या कुणा उमेदवाराची तरफदारी किंवा निंदा आम्ही करणार नाही. अहवाल कसा वाचावा हे दाखवण्यासाठी आम्ही एक जुने, सर्वांना ठाऊक असलेले खाते उघडतो. ते खाते आर. आर. आबांचे.

आबांचा जन्म १६ ऑगस्ट १९५७ चा, गाव आपल्या तालुक्यातले अंजनी. जिल्हा परिषदेत सावळज गटातून काम करून ते १९९० साली विधानसभेत गेले. १९९०, १९९५, १९९९, २००४, २००९ आणि २०१४ अशा सहा निवडणुका त्यांनी जिंकल्या. पहिल्या दोन काँग्रेसच्या, पुढच्या राष्ट्रवादीच्या चिन्हावर. ग्रामविकास मंत्री, गृहमंत्री, उपमुख्यमंत्री एवढी पदे भोगून १६ फेब्रुवारी २०१५ रोजी ते गेले. तालुका त्या दिवशी ढसाढसा रडला. त्या अश्रूंचा मान ठेवूनच आम्ही पुढचे लिहीत आहोत.

आधी जमेची बाजू. आबांचे सर्वांत मोठे काम कोणते, असे विचारले तर लोक चटकन ग्रामस्वच्छता अभियानाचे नाव घेतात. संत गाडगेबाबांच्या नावाने २०००-०१ साली ते सुरू झाले. तेव्हा आबा ग्रामविकास मंत्री होते. त्यात अनुदान वाटायचे नव्हते. गावांनी आपल्या हाताने गाव झाडायचे, संडास बांधायचे, गटारी काढायच्या आणि स्पर्धेत उतरायचे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी बक्षिसे. सरपंच आणि ग्रामसेवक हातात खराटा घेतात हे आपल्या पिढीने त्या वेळी पाहिले. नंतर गृहमंत्री असताना २००७ साली त्यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली. बांधावरचे, वाटणीचे, पाण्याच्या पाळीचे भांडण कोर्टात नेऊन दोन पिढ्या बरबाद करण्यापेक्षा गावातच बसून मिटवा, हा त्यातला मुद्दा होता. बांधाच्या वितभर जमिनीसाठी एकराची किंमत वकिलाला देणारे लोक आपल्याही भागात आहेत. त्यामुळे ही मोहीम कशासाठी होती, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

पण आता नीट पाहा. ही दोन्ही कामे कायद्याची नव्हती. ती शासन निर्णयाने, म्हणजे सरकारी ठरावाने चाललेली अभियाने होती. मंत्री उत्साही असेतो गाडा पळतो, मंत्री बदलला की बैल थांबतात. आज कित्येक गावांत तंटामुक्त समितीचा फलक आहे, पण समितीची बैठक कधी झाली हे सांगता येत नाही. यात आबांचा दोष काढायचा नाही. अभियानाचे आयुष्य माणसाएवढे असते आणि कायद्याचे त्याहून जास्त असते, एवढेच आम्हाला दाखवायचे आहे.

आता कायद्याचे खाते. आबांच्या नावावर सर्वांत गाजलेला कायदा म्हणजे डान्सबार बंदीचा. जमिनीचे पैसे, उसाचे बिल, बापाने ठेवलेली पुंजी घेऊन तरणी पोरे मुंबई-पनवेलच्या बारमध्ये जात आणि रिकाम्या खिशाने परत येत, अशी तक्रार गावोगाव होती. २००५ साली मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती होऊन बंदी आली. गावाकडे बायाबापड्यांनी आबांना दुवा दिला. परंतु त्या कायद्यात एक फट राहिली होती. लहान बारमध्ये नाच बंद आणि तारांकित हॉटेलांत, क्लबांत मात्र परवानगी, असा दुजाभाव त्यात होता. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने नेमक्या त्यावर बोट ठेवले. एकाला बंदी आणि दुसऱ्याला मुभा, हे समानतेला धरून नाही आणि बारमध्ये काम करणाऱ्या बायकांचा पोट भरण्याचा हक्कही यात जातो, असे म्हणून न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला. २०१४ साली विधिमंडळाने सरसकट बंदी घालणारी नवी दुरुस्ती एकमताने मंजूर केली. तिला ऑक्टोबर २०१५ मध्ये स्थगिती मिळाली. मग २०१६ चा वेगळा कायदा आला आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याच्याही कित्येक अटी सर्वोच्च न्यायालयाने काढून टाकल्या.

म्हणजे चौदा वर्षे कायदा, कोर्ट, पुन्हा कायदा, पुन्हा कोर्ट. हेतू चांगला होता याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण मसुदा कच्चा असला की चांगला हेतू कोर्टाच्या पायरीवर पडतो. शिवाय ज्या हजारो बायकांचा रोजगार एका दिवसात गेला, त्यांच्या पोटाची सोय काय, हा प्रश्न तेव्हा आम्हीही विचारला नाही. त्या दूरच्या शहरातल्या होत्या, आपल्या कुणी नव्हत्या, म्हणून आपण टाळ्या वाजवून मोकळे झालो. हा दोष एकट्या आबांच्या खात्यावर टाकता येणार नाही, तो आपलाही आहे.

याच तालुक्याशी जोडलेला दुसरा एक कायदा पाहा. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते, १९६० पासून १९७८ पर्यंत. हाताला काम नसलेल्या माणसाला सरकारने काम दिलेच पाहिजे, ही कल्पना त्यांनी आधी १९६५ च्या सुमारास आपल्या तासगाव तालुक्यात करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर कामाला आली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्याच्यासाठी पैसा कुठून आणायचा हेही ठरवले होते. नोकरदारांवर व्यवसाय कर बसला, बागायतीवर उपकर आला. म्हणजे दुष्काळी माळावरच्या मजुराच्या मजुरीत आपल्या उसाचाही वाटा पडला. आपल्या वाडवडिलांनी कुरकुर केली असेल, पण दिला. पुढे २००५ साली केंद्राने अख्ख्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचे हे उदाहरण समोर होते. पागे साहेबांना पाहिलेले लोक आज थोडे राहिले. पण त्यांचा कायदा त्यांच्यामागेही माणसांच्या हाताला काम देत राहिला. आधी प्रयोग, मग पैशाची तजवीज आणि शेवटी कायदा, अशी ती रीत होती. उमेदवार मोठ्या घोषणा करू लागला की आम्हाला ही रीत आठवते.

आता आपल्या उसाकडे येऊ. इथे लिहिताना हात जड होतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये ऊसदराचे आंदोलन पेटले होते. पलूस तालुक्यात वसगडे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका आंदोलकाचा जीव गेला. राज्याचे गृहमंत्री तेव्हा आपलेच आबा होते. शेजारच्या तालुक्यातला ऊसवाला, आपल्याच जिल्ह्याचा गृहमंत्री, आणि मध्ये पोलिसाची गोळी. अहवाल वाचायचा तर हे पान गाळून चालत नाही. माणूस आपला असला तरी त्याच्या खात्याच्या कारभाराचा जाब त्याच्याकडेच मागायचा असतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर आबांनी पद सोडले होते, हेही त्याच पुस्तकात लिहिलेले आहे. २००९ च्या निवडणुकीनंतर ते पुन्हा त्याच खात्यावर आले.

ऊसदराचा राज्याचा कायदा २०१३ चा. त्या कायद्याने ऊस नियंत्रण मंडळ आले आणि उत्पन्नाच्या वाटणीचे सूत्र आले. साखरेबरोबर बगॅस, मळी, प्रेसमड धरले तर उत्पन्नाचे ७० टक्के ऊस उत्पादकाला, नुसती साखर धरली तर ७५ टक्के. हे सूत्र किती सभासदांना तोंडपाठ आहे? बैलगाडा शर्यतीबद्दल कोणता उमेदवार काय बोलला, हे शेंबडे पोरसुद्धा सांगेल. २०१४ ची बंदी, २०१७ ची राज्याची दुरुस्ती, मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, सगळे चावडीवर पाठ आहे. शर्यत आम्हालाही आवडते. पण ज्या कायद्यावर वर्षाचे बिल ठरते, त्याचे नावही चावडीवर निघत नाही, हे काही बरोबर नाही.

एफआरपीचेच घ्या. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, न दिल्यास १५ टक्के व्याज. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने एक शासन निर्णय काढला. आपल्या पुणे विभागात आणि नाशिक विभागात १० टक्के पायाभूत उतारा धरून पहिला हप्ता द्यायचा आणि उरलेला हिशेब हंगाम संपल्यावर उतारा ठरला की करायचा, असे त्यात होते. म्हणजे एकरकमीचे तुकडे झाले. आपल्या भागात उतारा १० च्या वर असतो, म्हणजे मागे राहणारी रक्कम आपलीच जास्त. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला.

इथे आम्ही आपल्या घरातलेही बोलले पाहिजे. कारखान्याला हप्ते सोयीचे असतात. साखर गोदामात पडलेली असते, बँकेचे उचलीचे व्याज चालू असते आणि चौदा दिवसांत सगळी रक्कम उभी करताना कार्यालयाच्या तोंडचे पाणी पळते. ही अडचण खोटी नाही. पण ही अडचण सभागृहात मांडायची, साखरेच्या किमान दरावर, कर्जाच्या व्याजावर, इथेनॉलच्या पैशावर बोलायचे आणि त्यातून मार्ग काढायचा, ही रीत झाली. शेतकऱ्याच्या बिलाचे तुकडे करणे हा सोपा मार्ग झाला. तो निर्णय शेवटी शेतकऱ्यांना कोर्टातून रद्द करून घ्यावा लागला. मंत्रालयात निघालेल्या एका कागदाने आपले बिल तीन वर्षे बदलून टाकले. मग आम्ही निवडून दिलेले सर्वपक्षीय आमदार तेव्हा काय करत होते, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे की नाही?

पाण्याचेही तसेच. बच्छावत लवादाने १९७६ साली कृष्णेच्या पाण्यात महाराष्ट्राचा वाटा ५६० टीएमसी ठरवला आणि २००० सालानंतर फेरविचाराची वाट ठेवली. ते पाणी अडवायला पैसा हवा म्हणून १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळाचा कायदा झाला. तेव्हा सरकार युतीचे होते आणि आबा विरोधी बाकावर. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांच्या कामाला पैसा त्या महामंडळातून आला. पुढे योजना पूर्ण करण्यासाठी प्रत्येक पक्षाच्या लोकांनी धडपड केली आणि प्रत्येकाने श्रेयाचे फलकही लावले. फलक वाचताना आम्हाला एवढेच वाटते की पाण्याला पक्ष नसतो, पण पाण्याच्या कायद्याला मात्र हात वर करणारे लागतात. २००५ साली दोन कायदे झाले. एकाने पाणीवाटपाचे प्राधिकरण आले, दुसऱ्याने कालव्याचे पाणी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांनी मोजून घ्यायचे ठरले. प्राधिकरणाच्या कायद्यात तर अधिसूचित क्षेत्रात बारमाही पिकाला ठिबक किंवा तुषारची अट घालण्याची तरतूद आहे. ऊस हे बारमाही पीक. आबा तेव्हा उपमुख्यमंत्री होते. एवढी मोठी गोष्ट आपल्या पिकाबद्दल लिहिली गेली आणि आपल्याकडे त्यावर चर्चा झालेली आम्हाला आठवत नाही. ठिबक चांगलेच आहे, जमीन चोपण होण्यापासून वाचते. पण त्याचा खर्च कोण करणार, हे कायदा होताना विचारायचे असते. कायदा झाल्यावर नुसती तक्रार उरते.

आबांच्या मागे २०१५ च्या पोटनिवडणुकीत आणि २०१९ ला सुमनताई निवडून आल्या, २०२४ ला रोहित पाटील निवडून आले. लोकांनी त्या घरावर प्रेम केले, ते खरे आहे. त्यांच्याविरुद्ध लढलेल्यांवरही हजारोंनी प्रेम केले, तेही खरे आहे. आमचे म्हणणे दोन्हीकडच्या लोकांना एकच आहे. प्रेम करा, पण माप एकच ठेवा. आपल्या माणसाला मोठा काटा आणि परक्याला छोटा काटा, असे वजन कारखान्याच्या गेटवर चालत नाही. मग मतपेटीवर तरी का चालावे?

तेव्हा पुढच्या वेळी कोणीही उमेदवार, कोणत्याही पक्षाचा, पारावर आला की त्याला चहा पाजा, हार घाला आणि चार प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: उसाचे बिल चौदा दिवसांत एकरकमी, यावर तुमची भूमिका काय? आणि कारखान्याची पैशाची अडचण सोडवायला सभागृहात तुम्ही काय मांडणार?

दुसरा प्रश्न: उपसा योजनेच्या वीजबिलाचा आणि पाणीपट्टीचा बोजा शेतकऱ्यावर किती आणि सरकारवर किती? हे कायम कशाने राहणार, कायद्याने की दरवर्षीच्या मेहरबानीने?

तिसरा प्रश्न: सहकार कायद्यात २०१३ साली क्रियाशील सभासदाची अट आली. ऊस न घालू शकलेल्या लहान सभासदाच्या मताच्या हक्काबद्दल तुम्ही कोणत्या बाजूचे?

चौथा प्रश्न आधी निवडून आलेल्यासाठी: पाच वर्षांत तारांकित प्रश्न किती लावले, लक्षवेधी किती मांडल्या, अशासकीय विधेयक एखादे तरी आणले का? नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात हजर किती दिवस होता?

या प्रश्नांची उत्तरे उमेदवाराने दिली नाहीत तरी ती शोधता येतात. सभागृहाचे कामकाज छापले जाते, विधानमंडळाच्या संकेतस्थळावरही ठेवले जाते. आपल्या घरातली शिकलेली मुले-मुली दिवसभर मोबाईलवर असतात. त्यांना सांगा, "बाबा, आपल्या आमदारानं काय विचारलंय ते काढ बघू." अर्ध्या तासात निघेल. गावच्या सोसायटीत, नाहीतर दूध डेअरीच्या कट्ट्यावर ते वाचून दाखवा.

काही सभासद म्हणतील, "आम्हा अडाण्यांना कायद्यातलं काय कळतंय?" आमचे उत्तर असे, की ज्याला उताऱ्याचा अर्धा पॉइंट कळतो, वाहनतळावर गाडी किती तास थांबली की वजन किती घटते हे कळते, त्याला कायदा कळायला अवघड नाही. फक्त आजवर त्याची पुस्तिका आपल्या हातात कुणी दिली नाही आणि आपणही मागितली नाही.

आबा खराटा घेऊन उतरले तेव्हा गाव त्यांच्या मागे झाडायला लागले. आता आपण हातात अहवाल घेऊन बसलो, तर उमेदवारही तयारी करून येतील. सभेत प्रश्न विचारणारा सभासद असला की चेअरमन आदल्या रात्री हिशेब तपासतो, हा आपला अनुभव आहे. आमदारालाही तशी एक रात्र जागवू या.

जय सहकार.